आहुपे खोऱ्यातली पडकई

पुण्याहून नाशिकच्या दिशेने साठेक किलोमीटर गेले की मंचर येते. महामार्ग तिथेच सोडायचा आणि पश्चिमेला वळायचे. घोडेगाव या आंबेगाव तालुक्याच्या ठिकाणापर्यंत दोन्ही बाजूंना उसाचे मळे आणि भाजीपाल्याची शेते दिसतात. डिंभ्याला धरणाची भिंत समोर येते आणि रस्त्याला फाटा फुटतो. एक रस्ता भीमाशंकरला चढतो. दुसरा धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने फुलवडे, अडिवरे, माळीण, तिरपाड अशी गावे घेत आहुप्याला जातो आणि तिथे सह्याद्रीच्या कड्यावर संपतो. पर्यटकांच्या बहुतेक गाड्या पहिल्या रस्त्याने जातात. गावकी म्हणजे काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने दुसरा रस्ता धरावा.

या खोऱ्यात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. गावे एकवट नाहीत. डोंगराच्या सोंडेवर दहा घरे, ओढ्यापलीकडे पंधरा घरे, अशा वाड्या मिळून एक गाव होते. पडकई, म्हणजे वाडीने मिळून उतार फोडून भातखाचरे करायची रीत, पाहायची तर इथे फाल्गुन-चैत्रात यावे आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, पाहायची तर आषाढात. मी दोन्ही हंगामांत या रस्त्याने आलो, म्हणून एकाच उताराची दोन रूपे मला पाहता आली.

रस्ता पाण्याच्या कडेने जातो तेव्हा या खोऱ्याचा एक जुना घाव डोळ्यांसमोर असतो. घोड नदीवरचे डिंभे धरण हा कुकडी प्रकल्पाचा भाग. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे, कारण त्यांचे महाळुंगे पडवळ हे गाव याच तालुक्यातले. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गावच या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की त्याचे अवशेष वर येतात. नदीकाठची सपाट, कसदार जमीन बुडाली आणि तिच्यावर जगणारी अनेक घरे उतारावर सरकली. धरणाचे पाणी कालव्यांनी पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांकडे जाते. काठावरच्या वाड्यांना मात्र उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहावे लागतात.

तरीही इथले लोक पाण्यापासून दूर गेले नाहीत. पाणी ओसरेल तसतशी उघडी पडणारी जमीन ते गाळपेरीने कसतात. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेने या विस्थापितांबरोबर अनेक वर्षे काम केले. गाळपेरीचा हक्क, जलाशयातली मासेमारी आदिवासींच्या स्वतःच्या सहकारी संस्थेकडे राहावी ही मागणी, आणि पडकईला सरकारी मान्यता, अशी ही लांबलचक लढाई होती. या कामाला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. त्या कामाच्या मुळाशी असलेली पडकई मात्र कोणत्याही संस्थेपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

तिची गरज जमिनीनेच निर्माण केली आहे. पश्चिमेच्या कड्याकडे जावे तसा पाऊस वाढत जातो आणि सपाटी कमी होत जाते. वरकस उतारावर नाचणी आणि वरई येते, पण मातीचा थर पातळ असतो आणि दर पावसाळ्यात तो आणखी वाहून जातो. भात हवे असेल तर पाणी उभे राहिले पाहिजे, पाणी उभे राहायचे तर जमीन समतळ हवी, आणि समतळ जमीन निसर्गाने इथे फारशी ठेवलेलीच नाही. ती उतार फोडून करावी लागते. खालच्या अंगाला दगडांचा बांध घालायचा, वरच्या अंगाने उतार खणायचा, ती माती बांधामागे भरायची आणि पाणी सगळीकडे सारखे उभे राहील अशी सपाटी साधायची, की एक भातखाचर तयार होते. उतार तीव्र असेल तर बांध माणसाच्या उंचीचा होतो आणि त्यामागे मिळणारे खाचर जेमतेम काही हात रुंद असते.

हे काम एका घराने करायचे म्हटले तर वर्षे लागतील. म्हणून ते वाडी करते. भाताची झोडणी झाली, पेंढा रचला गेला आणि शेतात कामे उरली नाहीत, की वाडीतली घरे बसून ठरवतात की यंदा पडकईला कोण कोण आहे आणि कोणाच्या उतारापासून सुरुवात करायची. मग पाळीपाळीने सगळेजण एकेकाच्या जमिनीवर उतरतात. मजुरी कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. ज्याच्या जमिनीवर काम चालू आहे, त्याच्या घरचे त्या दिवशी जेवण.

आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीत असे काम चालू होते. ऊन चढायच्या आत माणसे उतारावर पोहोचली होती. पुरुषांच्या हातात पहारी, टिकाव आणि कुदळी, बायकांच्या डोक्यावर घमेली. वरची सुपीक माती आधी खरवडून बाजूला ढीग करून ठेवली. ती सगळ्यात शेवटी पुन्हा पसरायची असते, नाहीतर नव्या खाचरात नुसता मुरूम वर येतो. मोठा दगड लागला की तिघे-चौघे पहारी लावून तो हलवत आणि बांधाच्या रेषेपर्यंत घरंगळत नेत. बांध रचायचे काम दोन वयस्कर माणसांकडे होते. चुना नाही, सिमेंट नाही. प्रत्येक दगड फिरवून बघायचा, त्याचे पोट कुठे आणि तोंड कुठे ते ठरवायचे, जड बाजू डोंगराकडे झुकवायची आणि फटीत चिपा ठोकायच्या. पाणी झिरपून गेले पाहिजे, माती मात्र आत राहिली पाहिजे, हे या बांधाचे सगळे शास्त्र. दोन तरुण पोरे दगड देता देता ते शिकत होती.

दुपारी आंब्याखाली जेवणे झाली. नाचणीची भाकरी, सुकटीचे कालवण, भात आणि कोरा चहा. मी एका आजोबांना विचारले, “बाबा, एकट्यानं केलं तर किती दिवस लागतील?” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “एकट्याच्यानं दगूड निघंल. वावर न्हाय व्हायचं.”

कोणी किती दिवस दिले याचा हिशेब कोण ठेवतो, असे मी विचारले तेव्हा वही कोणाकडेच नव्हती, पण हिशेब सगळ्यांना पाठ होता. कोणत्या घरचे एक माणूस आले, कोणत्या घरची दोन, कोणाचा मुलगा आजारी होता म्हणून त्याचा दिवस पुढच्या पाळीला फिरवला, हे सारे बोलता बोलता निघत होते. एका घरात कर्ता पुरुष नव्हता. त्या मावशी एकट्याच घमेले घेऊन आल्या होत्या, पण त्यांच्या उतारावर पूर्ण वाडी लागणार हे आधीच ठरले होते. “त्यांच्याकडनं येक माणूस आलं तरी चालतंय,” एक ताई म्हणाल्या, “आमच्यावर येळ आली तर त्या न्हाय का येणार?” मदत करणारा आणि घेणारा अशी विभागणी इथे टिकतच नाही, कारण आजचा देणारा आठवड्याने घेणारा असतो. श्रमाला श्रमानेच फेडायचे असल्यामुळे श्रीमंत घराला पैसे टाकून सुटता येत नाही आणि गरीब घराला मिंधे व्हावे लागत नाही. महाराष्ट्राच्या इतर भागांत इर्जिक, सावड, वारंगुळा या रीतींमागे हाच विचार होता. बहुतेक ठिकाणी त्या आता म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरल्या आहेत. इथे त्या विचाराने आजही डोंगर फोडला जातो.

आषाढात मी परत आलो तेव्हा तो उतार ओळखू येत नव्हता. धुक्यातून खाचरांच्या पायऱ्या एकाखाली एक उतरत होत्या आणि प्रत्येकीत पाणी उभे होते. शेजाराचा दुसरा अर्थ इथे पाणी शिकवते. सगळ्यात वरच्या खाचरातले जादा पाणी बांधातल्या वाटेने खालच्या खाचरात येते, तिथून त्याखालच्या, आणि असे शेवटी ओढ्याला मिळते. खाचरे वेगवेगळ्या घरांची, पण पाणी एकच. वरच्याने वाट वेळेवर उघडली नाही तर त्याचा बांध फुटतो आणि माती-दगडांसकट खालच्याच्या रोपांवर येतो. वरच्याने पाणी अडवून धरले तर खालच्याची आवणी रखडते. म्हणून मुसळधार पावसात रात्रीसुद्धा माणसे इरले किंवा प्लास्टिकचा कागद पांघरून बांधांवर फिरतात आणि आपल्या खाचराबरोबर शेजाऱ्याचेही पाहतात. बांध खचलेला दिसला की हाक घालायची आणि हाकेला यायचे, हा इथला अलिखित नियम आहे. तो मोडून चालत नाही. कारण तुमच्या वर कोणीतरी असतो आणि तुमच्या खालीही कोणीतरी असतो.

आवणीचे दिवस तर पूर्णच एकमेकांवर अवलंबून असतात. राब भाजून तयार केलेल्या जागेत टाकलेली रोपे साधारण तीन आठवड्यांत काढायला येतात. ती जून झाली की फुटवे कमी येतात, म्हणून आवणी थोड्या दिवसांत उरकावी लागते. एका घराच्या हातांनी ते होत नाही. पुन्हा पाळ्या लागतात. आज एका घरच्या खाचरात चिखलणी, उद्या दुसऱ्याच्या. पुरुष बैल किंवा पॉवर टिलर घेऊन चिखल करतात आणि मागून बायका ओळीने वाकून रोपे लावत मागे सरकतात. इंद्रायणी आता सगळीकडे पोहोचला आहे, पण रायभोगासारखे जुने वाणही काही घरांनी टिकवून ठेवले आहेत आणि बियाणे कमी पडले तर ते शेजारच्या कणगीतून येते. संध्याकाळी चुलीपाशी पाय शेकताना पानात कोळूची किंवा भारंगीची भाजी असते आणि पोरांनी ओढ्यातून धरून आणलेले खेकडे असतात.

शेतीत जी सवय लागते ती घरात येते. वाडीत कोणी वारले तर त्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारची घरे भाकरी घेऊन जातात. रस्ता न पोहोचलेल्या वाडीतून आजारी माणसाला डोली करून चार खांदे डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, आणि त्या खांद्यांची पाळीही वाटेत न बोलता बदलत राहते. लग्नाचा मांडव घालायला, लाकडे फोडायला, पाणी भरायला निमंत्रण लागत नाही. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायचा हंगाम येतो. औषधासाठी आणि रंग-चामड्याच्या उद्योगासाठी विकला जाणारा हा हिरडा इथल्या घरांचे रोख उत्पन्न आहे. झाडे ठरलेल्या घरांची असतात, पण फळे झोडायला आणि वेचायला हात एकमेकांचेच लागतात. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे मोठ्या प्रमाणावर पाडली. एका दुपारी वर्षानुवर्षांची मिळकत आडवी झाली.

हे सगळे लिहिताना गाव म्हणजे स्वर्ग असे चित्र रंगवायचे नाही. भांडणे इथेही आहेत, आणि बहुतेक बांधांवरूनच आहेत. बायकांचे ओझे पुरुषांपेक्षा जड आहे. दिवसभर घमेली उचलून जेवणही त्यांनीच रांधायचे असते, आणि पाळ्या ठरवण्याच्या बैठकीत बोलतात पुरुष. पडकई टिकायची असेल तर हे बदलले पाहिजे. पण भांडण झाले तरी पुढच्या पाळीला एकत्र उतरावेच लागते, त्यामुळे अबोला फार काळ परवडत नाही, हेही मी पाहिले.

या रस्त्यावर माळीणला थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. 30 जुलै 2014 च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा गावावर आला. 151 माणसे गेली. रोजच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला जिथे गाव असायचे तिथे गाव दिसले नाही, आणि बातमी बाहेर गेली ती त्याच्यामुळे. कामासाठी किंवा शिक्षणासाठी गावाबाहेर असलेले वाचले. आश्रमशाळेत असलेल्या कितीतरी मुलांचे आईवडील राहिले नाहीत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान चिखल उपसत होते तेव्हा आसपासच्या वाड्यांतली माणसे त्यांच्या बरोबरीने उभी होती. कोणते घर कुठे होते आणि कोणाच्या घरात किती माणसे राहत होती, हे त्यांनाच ठाऊक होते. पुढे आमडे इथे नवे माळीण वसवले गेले आणि एप्रिल 2017 मध्ये लोकांना घरे मिळाली. जुन्या जागी आता मृतांचे स्मारक आहे. तिथे आवाज चढवू नये, छायाचित्रांसाठी हसत उभे राहू नये.

माळीणच्या दुर्घटनेनंतर कारणांवर मोठा वाद झाला. अतिवृष्टी तर होतीच. तुटलेले जंगल, डोंगराची मुळातली रचना आणि उतारावर यंत्रांनी केलेले सपाटीकरण यांचीही चर्चा झाली, आणि त्या चर्चेत पडकईचे नाव ओढले गेले. तेव्हा हातांची पडकई आणि यंत्राची पडकई यांत फरक करायला हवा. ‘शाश्वत’च्या पाठपुराव्याने पडकईची कामे रोजगार हमीत बसवली गेली, हे चांगलेच झाले. पावसाळ्याआधीच्या कोरड्या महिन्यांत, जेव्हा घरात दाणे संपत आलेले असतात, तेव्हा स्वतःच्याच जमिनीवर काम करून मजुरी मिळू लागली. परंतु योजना म्हटली की उद्दिष्टे येतात, उद्दिष्टांमागून घाई येते आणि घाईमागून जेसीबी येतो. हाताने काम करणारा माणूस झाड वाचवून बांध वळवतो, पाझर लागला की थांबतो, ज्या उतारावर आजोबांनी कधी कुदळ घातली नाही तो उतार सोडून देतो. यंत्राला यातले काही ठाऊक नसते. ते एका दिवसात इतकी माती सैल करते की तिला धरून ठेवणारा बांध रचायला वाडीला महिना लागावा.

दुसरा धोका शांतपणे येतो. सुगी संपली की या खोऱ्यातली तरुण घरे नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात. तिथल्या मजुरांच्या बाजारात सकाळी माणसे उभी राहतात आणि बागायतदार त्यांना रोजाने घेऊन जातात. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या कामात रोख पैसा आहे आणि तो लागतोच. शाळेचा खर्च, दवाखाना, मोबाइलचे रिचार्ज श्रमाच्या पाळीने भागत नाही. पण पडकईचे दिवस आणि नारायणगावच्या मजुरीचे दिवस तेच असतात. वाडीत म्हातारी माणसे उरली तर पाळी कोणाची कोणाला लागणार? वेळेवर मिळणारी रोजगार हमीची मजुरी माणसांना घरी ठेवते, आणि माणसे घरी राहिली तरच पडकई राहते. मजुरी महिनोन्‌महिने रखडली तर लोक नारायणगावची गाडी धरतात. हे गणित वाडीतल्या कोणालाही विचारा, तो सांगेल.

रस्ता संपतो तिथे आहुपे आहे. गावाची राखलेली देवराई आणि पलीकडे सरळ कोकणात कोसळणारा कडा. ढग बाजूला झाले तर गोरखगड आणि मच्छिंद्रगड यांचे सुळके दिसतात आणि खाली मुरबाड तालुक्यातले खोपिवली. हा परिसर 1985 मध्ये जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्याला लागून आहे आणि शेकरू पाहण्याच्या आशेने लोक इकडे येतात. ती देवराई काय आणि खाचरे काय, दोन्ही एकाच शिस्तीतून उभी आहेत. देवराईत सगळ्यांनी मिळून कुऱ्हाड लावायची नाही, खाचरांत सगळ्यांनी मिळून कुदळ चालवायची.

इथे येणाऱ्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुक्काम कड्यावरच्या तंबूंपेक्षा गावातल्या घरी करावा, म्हणजे पैसा वाडीत राहतो. पावसात बांधावरून चालायचे तर विचारून चालावे, कारण एका पायाने सुटलेला दगड पुढे तीन घरांचे नुकसान करतो. तांदूळ, नाचणी, हिरडा थेट घरातून विकत घ्यावा आणि घासाघीस करू नये. आवणीच्या दिवसांत आलात तर चिखलात उतरायला कोणी अडवत नाही. फक्त छायाचित्र काढून लगेच बाहेर पडू नये, हाती घेतलेली ओळ पुरी करावी.

आणि धोरणे ठरवणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की पडकईला मजुरी वेळेवर द्या आणि यंत्रे उतारापासून दूर ठेवा. कोणता उतार फोडायचा आणि कोणता राखायचा हे ग्रामसभेला ठरवू द्या, आणि त्या सभेत बायकांचे म्हणणे आधी ऐका. या खोऱ्यातली भातशेती सरकारने किंवा सावकाराने बांधलेली नाही, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी बांधलेली आहे. ती टिकवायची असेल तर शेजारी गावात राहू शकतील एवढी तजवीज करणे हेच पहिले काम आहे.